संगणकावरून गाणी ऐकताना आवाज कसा सुधारावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या संगणकावर साठवलेलं किंवा इंटरनेटवरून येणारं संगीत मन लावून ऐकणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच म्हणणं आहे. फाइलमधले आकडे न बदलता आणि वेळेवर डॅकपर्यंत पोचवणं, एवढंच संगणकाचं काम. ते नीट होऊ लागलं की संगणकाच्या मागे लागणं थांबवावं आणि उरलेली मेहनत हेडफोन, स्पीकर आणि खोलीवर घ्यावी. कानाला जाणवणारा मोठा फरक तिथेच पडतो.

डॅक म्हणजे काय? माझ्याकडे तो आहे का?

आहेच. फाइलमधल्या आकड्यांपासून विजेचा सिग्नल तयार करणारी चिप म्हणजे डॅक. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमागे एक असतो, यूएसबी हेडफोनच्या आत एक असतो, ब्लूटूथ स्पीकरमध्येही असतो. लोक ‘डॅक घेतला’ म्हणतात तेव्हा त्यांना संगणकाबाहेरची, यूएसबीने जोडायची वेगळी पेटी म्हणायची असते.

‘बिट-परफेक्ट’ म्हणजे काय आणि त्याची खरंच गरज आहे का?

सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. संगणकाला मात्र एकाच वेळी बरेच आवाज वाजवायचे असतात: गाणं, ब्राउझरमधला व्हिडिओ, निरोप आल्याची घंटी. हे सगळे आवाज एका दरावर (सेकंदाला किती नमुने, त्या आकड्यावर) आणून तो मिसळतो. हा दर ४८,००० असेल, तर तुमच्या गाण्यातल्या दर १४७ नमुन्यांच्या जागी गणिताने १६० नवे नमुने तयार होतात. शिवाय वाटेत व्हॉल्यूमचा गुणाकार होतो, कुठे इक्वलायझर लागलेला असतो. यातलं काहीही न होता फाइलमधले आकडे जसेच्या तसे डॅकला मिळाले, तर त्याला बिट-परफेक्ट म्हणतात.

गरज किती, याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल. आजच्या ऑपरेटिंग सिस्टीममधलं दराचं रूपांतर चांगल्या प्रतीचं असतं आणि नुसत्या त्याने झालेला बदल बहुतेकांना कानाने ओळखता येणार नाही. पण मिसळण्याच्या त्याच टप्प्यावर आवाज ‘सुधारणाऱ्या’ सोयी, लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा भाग) आणि चुकीची व्हॉल्यूम पातळी असे घटकही येतात. त्यांचा परिणाम साफ ऐकू येतो. बिट-परफेक्ट वाटेचा खरा फायदा असा की या सगळ्यांना एका फटक्यात बाजूला करता येतं. काही खटकलं तर ‘सॉफ्टवेअरची ढवळाढवळ असेल का’ हा संशयही उरत नाही.

माझ्या संगणकाची वाट बिट-परफेक्ट आहे हे तपासायचं कसं?

बऱ्याच डॅकवर येणाऱ्या सिग्नलचा दर दाखवणारा दिवा किंवा पडदा असतो. ४४.१ किलोहर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची) फाइल लावल्यावर तिथे ४८ दिसलं, तर मधे रूपांतर होतंय हे उघड आहे. मात्र दर जुळला म्हणजे आकडेही जुळले असं नाही.

पक्की चाचणी करायची असेल आणि तुमच्याकडे डीटीएस (सराउंड आवाज साठवण्याची एक पद्धत) ओळखणारा होम थिएटर रिसीव्हर असेल, तर डीटीएसचं एन्कोडिंग असलेली वेव्ह फाइल ऑप्टिकल केबलमधून त्याला पाठवा. आकडे तसेच पोचले तर रिसीव्हर डीटीएस ओळखून सराउंड आवाज वाजवतो. एका बिटचीही फेरफार वाटेत सतत होत असेल तर नुसता फसफसाट ऐकू येतो. चाचणी सुरू करताना आवाज अगदी बारीक ठेवा, कारण तो फसफसाट पूर्ण ताकदीने येतो.

विंडोजमध्ये नेमकं काय काय बदलू?

सगळ्यात आधी ज्या गोष्टी बंद करायच्या त्या पाहू. साउंड सेटिंग्जमध्ये तुमचं आउटपुट उपकरण उघडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. बास बूस्ट, लाउडनेस इक्वलायझेशन, व्हर्च्युअल सराउंड हे सगळं त्यात येतं. ‘स्पेशियल साउंड’ही बंद असू द्या. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या स्वतःचं आवाज ‘खुलवणारं’ सॉफ्टवेअर वेगळं टाकून देतात. त्याचं चिन्ह बहुधा घड्याळाशेजारच्या पट्टीत असतं. तिथे जाऊन तेही बंद करावं लागतं. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरसाठी ते उपयोगी असतं, पण चांगले हेडफोन लावल्यावर तेच सॉफ्टवेअर आवाज फुगवून बिघडवतं. या एका कृतीने जितका फरक पडतो तितका या उत्तरातल्या बाकी कशानेच पडणार नाही.

मग डिफॉल्ट फॉरमॅट बघा. तुमचा बहुतेक संग्रह सीडीवरून आलेला असेल तर २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा. व्हिडिओ जास्त पाहत असाल तर ४८ ठेवा. ‘मोठा आकडा तो चांगला’ म्हणून १९२ ठेवण्यात काहीच हशील नाही. त्याने प्रत्येक गाण्याचं रूपांतर होतं आणि मूळ फाइलमध्ये नसलेला तपशील काही निर्माण होत नाही.

जुन्या साउंड पॅनेलमध्ये ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा एक टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, अशी तिथली मूळची निवड असते. गाणं अचानक बारीक होतं आणि कारण सापडत नाही अशी तक्रार असेल, तर दोषी बहुधा हाच. तिथे ‘काही करू नका’ हा पर्याय निवडा. सूचनांचे आवाजही ‘नो साउंड्स’ करून टाका.

यानंतर प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह मोड चालू करा. ही सोय व्हिस्टापासून विंडोजमध्येच आहे. तिच्यामुळे प्लेअर थेट डॅकशी बोलतो, आवाज मिसळणारा मिक्सर बाजूला राहतो आणि दर फाइलप्रमाणे आपोआप बदलतो. गाणं चालू असताना दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमचा आवाज त्या उपकरणातून येणार नाही. तो बिघाड नाही, या मोडचा अर्थच तो आहे. आसियो हा स्टाइनबर्ग कंपनीने रेकॉर्डिंगसाठी आणलेला मार्ग आहे. डॅकसोबत त्याचा ड्रायव्हर आला असेल तर वापरा, पण नुसतं ऐकण्यासाठी तो वासापीपेक्षा सरस नाही.

मॅक आणि लिनक्सवर काय करायचं?

मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’ या अॅपमध्ये दर आणि बिट दिसतात. अनेक प्लेअर फाइलप्रमाणे दर बदलत नाहीत, त्यामुळे तो एकतर हाताने बदला किंवा आपोआप बदलणारा प्लेअर घ्या.

लिनक्सवर आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर (आवाज मिसळून पुढे देणारं सॉफ्टवेअर) असतं. ते मूळच्या मांडणीत सगळं ४८ किलोहर्ट्झवर आणतं. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये परवानगी असलेल्या दरांची यादी असते. तिथे ४४,१००, ८८,२००, ९६,००० असे तुमच्या डॅकला चालणारे दर जोडले, की दुसरा काही आवाज चालू नसताना ते फाइलचा दर धरतं. ज्यांना कोणताच मधला थर नको, त्यांनी प्लेअरमध्ये थेट अल्साचं (लिनक्सच्या गाभ्यातल्या ध्वनियंत्रणेचं) हार्डवेअर उपकरण निवडावं. संगीतासाठीच वेगळा ठेवलेला संगणक असेल तर लिनक्स आणि एमपीडी (पडद्यामागे चालणारा, दुसऱ्या उपकरणावरून हाताळायचा प्लेअर) ही जोडी मला सगळ्यात निर्धास्त वाटते. एकदा बसवली की ती वर्षानुवर्षं हात न लावता चालते.

कोणत्या प्लेअरचा आवाज सगळ्यात चांगला?

फाइल नीट उलगडून आकडे न बदलता पुढे देणाऱ्या सगळ्या प्लेअरचा आवाज सारखाच असतो. फूबार२०००, म्युझिकबी, स्ट्रॉबेरी, डेडबीफ यांपैकी तुमच्या हाताला जो सोपा वाटेल तो घ्या. निवडताना दोन गोष्टी पाहा: एक्सक्लुझिव्ह आउटपुट आहे का, आणि दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता वाजवता येतं का. सलग मैफलीचं रेकॉर्डिंग ट्रॅकमध्ये तोडलेलं असतं तेव्हा आलाप संपून बंदिश सुरू होतानाची सेकंदभराची शांतता रसभंग करते. त्यामुळे दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते.

गाणं मधेच तुटतं, टकटक किंवा चटचट आवाज येतो. संगणक कमी ताकदीचा आहे का?

जवळजवळ कधीच नाही. फ्लॅक फाइल (एकही बिट न गमावता आकसलेली) उलगडायला प्रोसेसरला इतके कमी कष्ट पडतात की दहा-पंधरा वर्षं जुनं यंत्रही ते सहज करतं. अडचण वेगाची नसते, वेळ चुकण्याची असते. डॅकला आकडे अखंड हवे असतात. संगणक ते थोडे थोडे करून बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) भरतो. एखाद्या हार्डवेअरच्या ड्रायव्हरने प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून ठेवला, की बफर रिकामा होतो आणि तेवढ्यापुरता आवाज तुटतो.

पहिला उपाय फुकट आहे. बफर वाढवा. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ नमुन्यांचा बफर सुमारे १२ मिलिसेकंद पुरतो आणि ४,०९६ नमुन्यांचा सुमारे ९३ मिलिसेकंद. गाणं ऐकताना प्ले दाबल्यावर दशांश सेकंद उशीर झाला तर कुणाचंही काही अडत नाही. बफर लहान ठेवायचा सल्ला वाद्य वाजवून रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी आहे. तो ऐकणाऱ्यांनी उचलू नये.

एवढ्याने थांबलं नाही तर विंडोजवर लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसर सर्वांत जास्त वेळ अडवतोय हे तो नावानिशी दाखवतो. वायफाय आणि ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर यात नेहमी सापडतात. लॅपटॉपमध्ये वीज आणि बॅटरी सांभाळणारा भागही असतो. ड्रायव्हर अद्ययावत करा. वायफाय दोषी ठरलं तर ऐकण्यापुरतं ते बंद ठेवून किंवा नेटवर्क केबल लावून पाहा. पॉवर सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, कारण विंडोज वीज वाचवायला यूएसबी उपकरणं झोपवतं आणि गाण्याची सुरुवात कापली जाते. डॅक हबमधून जोडला असेल तर तो थेट संगणकाच्या पोर्टला लावा.

इतकं सगळं करण्याआधी एकदा साधी गोष्ट तपासा: तेच गाणं त्याच जागी दर वेळी चटकतं का? तसं असेल तर दोष संगणकाचा नाही, फाइलचा आहे.

हेडफोनमध्ये बारीक खरखर येते, माउस हलवला की बदलते. हे काय आहे?

संगणकाच्या आत सतत चालणाऱ्या विजेच्या उलाढालीचा हा आवाज आहे. तो आवाजाच्या वाटेत शिरतो. डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकला जाणारी तार डब्याच्या आतून ग्राफिक्स कार्डाजवळून जाते, म्हणून हेडफोन मागच्या जॅकला लावून पाहा. पुष्कळदा एवढ्याने भागतं. मायक्रोफोन आणि लाइन-इन म्यूट करा, त्यांतूनही गोंगाट येतो. तरी खरखर राहिली तर यूएसबी डॅक हा खरा इलाज आहे, कारण नाजूक ॲनालॉग भाग संगणकाच्या डब्यातून बाहेर पडतो. बाहेरचा डॅक घ्यायला याहून चांगलं कारण नाही.

स्पीकर जोडले की ‘घूं’ असा सतत आवाज येतो. डॅक बदलूनही जात नाही. का?

हा ग्राउंड लूप. संगणक आणि अँप्लिफायर दोघेही आपापल्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेले असतात, आणि ऑडिओ केबल त्यांना आणखी एका वाटेने जोडते. त्या वेटोळ्यातून वीजपुरवठ्याची ५० किंवा ६० हर्ट्झची लहर आणि तिच्या पटीतल्या लहरी स्पीकरपर्यंत येतात.

ओळखायची युक्ती सोपी आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर निदान पक्कं. मग संगणक, अँप्लिफायर आणि डॅक एकाच एक्सटेन्शन बोर्डवर लावा. डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल आणि संगणकाला ऑप्टिकल आउटपुट, तर ती केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे वेटोळं तिथेच तुटतं. दोन्ही उपकरणांना बॅलन्स्ड (वाटेत शिरलेला गोंगाट रद्द करणारी) जोडणी असेल तर तीही उत्तम. नाहीतर ऑडिओ केबलमध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर लावता येतो.

प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली तर घूं थांबते असं ऐकलं. करू का?

अजिबात नको. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. उपकरणात बिघाड झाला तर तिच्याविना त्याच्या धातूच्या अंगात वीज उतरू शकते.

जिटरचं काय? संगणकाचं घड्याळ खराब असतं म्हणतात.

नमुने वाजवण्याच्या क्षणांत होणारी सूक्ष्म मागेपुढे म्हणजे जिटर. जुन्या यूएसबी डॅकना संगणकाच्या लयीशी जुळवून घ्यावं लागायचं, तेव्हा या चिंतेत तथ्य होतं. आताचे बहुतेक डॅक असिंक्रोनस असतात. म्हणजे घड्याळ डॅकमध्येच असतं, आणि ‘थोडे जास्त पाठव’ किंवा ‘थोडे कमी पाठव’ असं संगणकाला डॅक सांगतो. नमुना कधी वाजायचा हे त्याचं स्वतःचं घड्याळ ठरवतं. त्यामुळे तुमच्या संगणकातल्या सेवा बंद करून किंवा प्रोसेसरचा वेग बांधून जिटर कमी होत नाही.

मग संगीतासाठीचे ऑप्टिमायझर, रजिस्ट्रीतले बदल, महागड्या यूएसबी केबल?

यांवर पैसे आणि वेळ घालवू नका, असंच मी कळकळीने सांगेन. यूएसबीवर ऑडिओ पाठवताना चुकलेली माहिती पुन्हा मागवली जात नाही हे खरं आहे. पण चूक झालीच तर ती टक असा आवाज किंवा तुटकपणा होऊन समोर येते. तिच्यामुळे तार सप्तक जास्त मोकळं होत नाही आणि बासही भरीव होत नाही. केबल व्यवस्थित बनवलेली आणि गरजेपुरत्या लांबीची असली की पुरे. पंचवीस विंडोज सेवा बंद करणाऱ्या स्क्रिप्टने आवाज सुधारत नाही, मात्र अद्ययावत होणं बंद पडून संगणक असुरक्षित होऊ शकतो. एकच अपवाद मी मानतो: गाणं तुटत असेल आणि लेटन्सीमॉनने एखाद्या सेवेकडे किंवा ड्रायव्हरकडे बोट दाखवलं असेल, तर तेवढीच गोष्ट बंद करा.

एमपी३ पुरेसं आहे की फ्लॅकच हवं?

सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. फ्लॅक त्याची घडी घालतं आणि उलगडल्यावर एकही बिट कमी-जास्त होत नाही. फाइल साधारण अर्ध्या ते दोन तृतीयांश आकाराची होते. हा मुक्त फॉरमॅट २००१ पासून आहे आणि २०२४ मध्ये त्याला इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाचं रूप मिळालं. वेव्ह आणि फ्लॅक यांच्या आवाजात फरक असू शकत नाही. ऐकून वाद घालण्याऐवजी दोन्ही फाइल फूबारमध्ये बिटागणिक ताडून पाहता येतात.

३२० किलोबिटचं एमपी३ मूळ फाइलपासून वेगळं ओळखणं फार अवघड आहे. बहुतेकांना बहुतेक गाण्यांत ते जमत नाही. तरीही संग्रह फ्लॅकमध्ये ठेवावा असं माझं ठाम मत आहे. कारण फ्लॅकपासून हवं ते पुन्हा बनवता येतं, आणि एमपी३मधून टाकून दिलेलं परत मिळत नाही. शिवाय फ्लॅक फाइल स्वतःतच मूळ आवाजाचा एमडी५ ठसा बाळगते. दहा वर्षांनी डिस्क कुरतडली गेली आहे का, हे त्यावरून कळतं. जुन्या रेकॉर्डिंगचा संग्रह जपणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

हाय-रेझ (सीडीपेक्षा जास्त दराच्या किंवा बिटच्या) फाइल घ्याव्यात का?

१६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल मिळतं. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २० किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे स्वर बसतात, आणि माणसाचा कान त्यापुढे ऐकत नाही. मोठ्यांचा तर त्याच्या बराच खाली थांबतो. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांचा प्रयोग छापून आला. हाय-रेझ आवाज मधेच सीडीच्या दर्जावर आणला तर श्रोत्यांना कळतं का, हे त्यांनी पाहिलं. बरोबर उत्तरं निम्मी आली, म्हणजे नाणं उडवावं तशी. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. फरक असलाच तर तो इतका बारीक आहे.

तरी कधीकधी हाय-रेझ आवृत्ती खरोखर चांगली वाजते. त्याचं कारण बहुधा आकड्यांत नसतं. ती वेगळ्या मास्टरिंगमधून (रेकॉर्डिंगवरच्या शेवटच्या संस्कारातून) आलेली असते, आवाज कमी दाबलेला असतो. म्हणून आकडा बघून न घेता मास्टरिंग बघून घ्या. घेतलेली फाइल स्पेकसारख्या, फाइलमधले स्वर चित्रात दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघायला विसरू नका. १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं एका रेषेत कापल्यासारखं दिसलं, तर ती कुणीतरी एमपी३वरून फुगवलेली असण्याची दाट शक्यता आहे.

जुन्या सीडी संगणकावर कशा उतरवू?

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या सुरक्षित मोडमध्ये, फ्लॅक निवडून. तो शंका आली तिथे पुन्हा पुन्हा वाचतो आणि ॲक्युरेटरिपच्या यादीतून, इतरांनी तीच सीडी उतरवली तेव्हा आलेल्या पडताळणीच्या बेरजेशी (चेकसमशी) तुमची बेरीज ताडतो. जुळली तर निश्चिंत राहा. लिनक्सवर सीडीपॅरानोइयावर चालणारे प्रोग्रॅम आहेत. चरे पडलेली सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा, ड्राइव्हगणिक वाचण्याची ताकद बदलते.

आवाज कमी-जास्त संगणकावरून करावा की अँप्लिफायरवरून?

२४ बिटच्या डॅकला १६ बिटचं संगीत देताना ८ बिट मोकळे असतात. दर ६ डेसिबलला साधारण एक बिट जातो, म्हणजे ४८ डेसिबलपर्यंत कमी केलं तरी मूळ तपशील आकड्यांत शाबूत राहतो. त्यामुळे ‘डिजिटल व्हॉल्यूमने आवाज मरतो’ ही भीती आता जुनी झाली. खरा प्रश्न वेगळा आहे. डॅक आणि अँप्लिफायरचा स्वतःचा फसफसाट तेवढाच राहतो आणि गाणं मात्र बारीक होतं. म्हणून संगणक पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि अँप्लिफायरची चकती अशी लावावी की रोजचं ऐकणं संगणकावरच्या थोड्याशा घटीत भागेल. अगदी ठासून भरलेली आधुनिक गाणी असतील तर संगणकावर ३ डेसिबल कमीच ठेवा. अशा गाण्यांत दोन नमुन्यांच्या मधली लहर कमाल पातळीच्या वर जाते आणि काही डॅक तिथे फाटतात.

एक गाणं कानठळ्या बसवतं, पुढचं ऐकूच येत नाही.

रिप्लेगेन वापरा. प्लेअर सगळ्या फाइल एकदा मोजतो आणि कितीने कमी-जास्त करायचं ते टॅगमध्ये लिहून ठेवतो. मूळ आवाजाला तो हात लावत नाही. मिश्र यादीसाठी ‘ट्रॅक’ निवडा, सलग अल्बमसाठी ‘अल्बम’, म्हणजे कलाकाराने राखलेला गाण्या-गाण्यांतला चढउतार टिकतो.

ब्लूटूथ हेडफोनवर कॉल आला की गाणं टेलिफोनसारखं का होतं?

हेडफोनचा मायक्रोफोन सुरू होताच जोडणी हँड्स-फ्री प्रकारात जाते आणि आवाज मोनो होतो. संगणकात मायक्रोफोन म्हणून हेडफोन न निवडता लॅपटॉपचाच निवडा, हा त्रास जातो. बाकी नेहमीचे ब्लूटूथ कोडेक (आवाज आकसून पाठवायच्या पद्धती) आवाज दाबूनच पाठवतात. मोठ्या प्रवाहासाठी ओळखला जाणारा एलडॅक हा कोडेकही ९९० किलोबिटवर थांबतो. तेव्हा ब्लूटूथवर ऐकताना बिट-परफेक्टचा विचार सोडून द्यावा आणि मजेत ऐकावं.

इक्वलायझर लावला तर शुद्धता जाते ना?

आकड्यांची जाते, आवाजाची वाढू शकते. या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बहुतेक घरांमध्ये सगळ्यात मोठी सुधारणा इथे दडलेली असते.

बंद खोलीत खालचे स्वर भिंतींमध्ये अडकून घुमतात. चार मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झला पहिली घूम येते आणि ८६ च्या आसपास दुसरी. त्या स्वरांवर आवाज १० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त चढू शकतो, आणि एका पावलावर तेवढाच पडूही शकतो. तबल्याच्या डग्ग्याचा एक बोल अंगावर येतो आणि पुढचा गायबच होतो, तो यामुळे. कोणताही डॅक इतका वाकडा नसतो.

आधी जागा बदलून पाहा. दोन्ही स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर आणा, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, आणि तुमची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर पुढे घ्या. स्पीकर टेबलावर असतील तर त्यांच्याखाली काहीतरी देऊन थोडे वर कलवा. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट यांनी वरच्या स्वरांचं उसळणं कमी होतं. खालच्या स्वरांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही, तिथे जागा आणि इक्वलायझर हेच उपाय.

मग मोजमाप. मोजणीचा यूएसबी मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्रॅम घेतला की तुमच्या खुर्चीतला आलेख समोर येतो. त्यातले उंचवटे इक्वलायझरने खाली आणा, खड्डे भरायला जाऊ नका. खड्डा म्हणजे लहरींनी एकमेकींना खोडून काढलेली जागा असते, तिथे कितीही ताकद ओतली तरी तीही खोडलीच जाते आणि अँप्लिफायर मात्र दमतो. सुमारे ३०० हर्ट्झच्या वर मी मोजमापावरून फारसं काही बदलत नाही, तिथे डोकं दोन बोटं हललं तरी आलेख बदलतो. कुठे आवाज वाढवावाच लागला तर एकूण पातळी तेवढीच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटेल.

विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि लिनक्सवर ईझीइफेक्ट्स ही कामं मोफत करतात. एक मेख लक्षात ठेवा: एपीओ विंडोजच्या मिक्सरमध्ये बसतो, त्यामुळे वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा आसियो वापरलं तर तो मुकाट्याने वगळला जातो. अशा वेळी एकतर शेअर्ड मोड (मिक्सरमधून जाणारी नेहमीची वाट) वापरा किंवा प्लेअरच्या आतला इक्वलायझर वापरा. दोनपैकी एकच निवडायचं झालं, तर स्पीकरवर ऐकणाऱ्याने बिट-परफेक्ट सोडून खोलीची दुरुस्ती घ्यावी. मला यात तिळमात्र शंका नाही.

एखादा बदल केल्यावर आवाज सुधारला की मनाचा भास, हे कसं ठरवू?

दोन आवाजांत अर्ध्या-एक डेसिबलचा फरक असला तरी मोठा आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. म्हणून तुलना करण्याआधी पातळी जुळवणं अपरिहार्य आहे. त्यानंतर फूबारमधली एबीएक्स सोय वापरा. ती दोन नमुने ऐकवते, मग एक लपवून लावते आणि तो कोणता ते विचारते. १६ पैकी १२ वेळा बरोबर सांगितलंत तर नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. गाणं आपल्या ओळखीचं घ्या. तंबोऱ्याची जवारी किंवा विरत जाणारी टाळी यांत बारीक बिघाड लवकर उघडा पडतो.

संगणकाचा पंखाच गाण्यापेक्षा जास्त ऐकू येतो.

मग बाकी सगळं सोडून आधी तेच बघा. शांत खोलीतला गोंगाट ३० डेसिबलच्या आसपास असतो. पंखा त्यावर चढला की रेकॉर्डिंगमधले सगळे हळुवार तपशील झाकले जातात. जाळीतली धूळ काढा, बायोसमध्ये पंख्याचा वेग तापमानाप्रमाणे संथ करा, फिरणाऱ्या डिस्कऐवजी एसएसडी बसवा. लांब यूएसबी केबल घेऊन संगणक टेबलाखाली किंवा दूर ठेवला तरी चालतं. यूएसबी केबल पाच मीटरच्या आत ठेवा.

घरात जुना लॅपटॉप पडून आहे. तो संगीतासाठी वापरता येईल का?

जरूर. त्यावर लिनक्स आणि एमपीडी टाका, संग्रहाची डिस्क आणि डॅक जोडा, झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही अशी सेटिंग करा आणि गाणी मोबाइलवरच्या अॅपमधून निवडा. बॅटरी फुगलेली असेल तर ती आधी काढून टाका. आणि संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आजच करून ठेवा.